रुमालाबाहेरच्या खुणा

आमच्या बेसबॉल संघाला शिकवणाऱ्या सरांनी आमच्याच पिचरला फसवलं. भोकरदनच्या मैदानावर, सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मॅच आम्ही जिंकलो, म्हणून कोणाला ती फसवणूक वाटत नाही. पेढे वाटले गेले, सरांच्या गळ्यात हार पडला, आणि मी चिडलो की लोक म्हणतात, शेठचं डोकं गरम आहे. डोकं गरम आहेच. पण गरम डोक्यालाही डोळे असतात.

मी जालन्यात मस्तगडला राहतो, धंदा मोसंबीचा. बसस्टँडवर टोपली घेऊन सुरुवात केली, आता बागा घेतो. बाग घ्यायची म्हणजे फळ झाडावर असतानाच सगळी बाग उक्ती ठरवायची. मालक सांगतो त्यातलं अर्धं खोटं असतं, मी सांगतो त्यातलंही थोडं असतं. खरं काय ते झाडाखाली उभं राहून वर बघितलं की कळतं. पानाआड किती लपलंय, वरच्या फांदीचं फळ उन्हानं भाजलंय का, बुडाशी गळ किती पडलीय. माझी शाळा एवढीच.

बेसबॉलशी माझा संबंध गोदामामुळे आला. गोदामाच्या मागे मोठं मैदान आहे. तिथं पोरं जाड दांडके आणि कातडी पंजे घेऊन संध्याकाळी जमायची. पहिल्यांदा वाटलं, क्रिकेट जमत नाही म्हणून हे चाललंय. मग एक दिवस एका उंच, सडपातळ पोरानं टाकलेला बॉल मी भिंतीवरून पाहिला. बॉल सरळ आला, मारणाऱ्यानं दांडका फिरवला, आणि ऐनवेळी बॉल खाली बसला, जसा चालता बैल एकदम बसतो तसा. दांडका हवेत फिरला. मी हातातला चहा तसाच धरून उभा राहिलो. त्यानंतर तीन सीझन झाले, जालन्याच्या संघाची एकही मॅच मी चुकवलेली नाही. बाहेरगावी मॅच असली की माझ्याच पिकअपमध्ये पोरं जातात, मोसंबीच्या पालथ्या कॅरेटवर बसून.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, म्हणजे ठाणी; मारणारा ती सगळी पळत पार करून परत आला की एक रन. बॉल टाकणारा तो पिचर. मारणाऱ्याच्या पाठीमागे उकिडवा बसून बॉल धरणारा तो कॅचर. कोणता बॉल टाकायचा ते बहुतेक वेळा कॅचर सांगतो. उजवा हात मांड्यांच्या मधे लपवून बोटांनी खूण करतो, पिचर मान हलवतो आणि टाकतो. बॉल सरळ वेगाचा येणार की खाली बसणारा, हे मारणाऱ्याला आधी कळलं तर पिचरची निम्मी विद्या संपली. सगळी लढाई त्या लपवलेल्या हातावर असते.

आता आमच्या संघाविषयी. सीझन चालू असताना मी प्रत्येकाला बागेसारखं पारखत होतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फर्स्ट बेसवरचा पोरगा अंगानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. फटका मारला तर बॉल नाल्यापलीकडे, पण पाच वेळात एकदा. बाकी चार वेळा तो स्वतःभोवती गिरकी घेऊन बसतो आणि दांडक्याकडे असा बघतो जणू दांडक्यानंच दगा दिला. मी त्याला म्हणायचो, तुझा बहार एकाच फांदीला येतो. तो हसायचा. हसणारं गिऱ्हाईक सुधारत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा शॉर्टस्टॉप हा संघातला सगळ्यात खरा माल. बुटका, चपळ, जमिनीवरून येणारा कसलाही बॉल उचलणार. खोट एकच, चूक झाली की तीन मॅच तीच आठवत बसणार. अंकुशनगरला कारखान्याच्या मैदानावर त्याच्या पायातून एक बॉल गेला. जमीन उसाच्या गाड्यांनी उखडलेली, बॉल उडाला, त्याचा काय दोष? पण परत येताना गाडीत तो पंजाच उलटसुलट करून बघत बसला. शेवटी फर्स्ट बेसवाला म्हणाला, "अरे, बॉल गेला तर गेला, तू काहून जाऊन राह्यला त्याच्यामागं?" तेव्हा कुठं हसला.

सेंटर फील्डचा पोरगा म्हणजे मंगू पडलेली मोसंबी. मंगू पडला की साल काळपट होते, गिऱ्हाईक हात लावत नाही, आत रस मात्र चांगला असतो. हा दिसायला आळशी, पँट कायम घसरलेली, पण उंच गेलेला बॉल कुठं पडणार ते याला मारणाऱ्याच्या आधी कळतं. राईट फील्डवाल्याविषयी मी लिहीत नाही. त्याचा बाप माझ्या ओळखीचा आहे.

कॅचर गुरांच्या बाजारातल्या दलालाचा मुलगा. रुंद छाती, आखूड मान, गुडघे लोखंडाचे. डोकं थंड. गुरांच्या बाजारात भाव कसा ठरतो ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दोघं हातात हात देतात, वरून रुमाल किंवा उपरणं टाकतात, आणि तोंडानं एक अक्षर न बोलता बोटांनी सौदा होतो. किती बोटं धरली, कोणत्या पेरावर अंगठा ठेवला, मूठ दाबली की सोडली, यावर सगळं. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळतो. या पोरानं सीझनच्या सुरुवातीला बापाच्याच खुणा कॅचिंगमध्ये आणल्या. पहिल्या बोटाच्या मधल्या पेरावर अंगठा, म्हणजे खाली बसणारा. मूठ बंद, म्हणजे सरळ आणि जोरात. तळहातावर टिचकी, म्हणजे मोडला सौदा, दुसरा टाक. मला त्यानं गोदामात येऊन दाखवलं तेव्हा मला फार आवडलं होतं. संभाजीनगरच्या पोरांशी मैत्रीची मॅच झाली, तेव्हा त्यांचा बेसवरचा खेळाडू आमच्या कॅचरचा हात वाकून वाकून बघत होता आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. आम्ही परत येताना गाडीत त्याची नक्कल करत आलो.

आणि पिचर. तोच, ज्याच्यामुळे माझा चहा गार झाला. सळईच्या कारखान्यात कामाला. भट्टीपाशी उभं राहून येतो आणि मैदानावर येताच बूट काढून दोन मिनिटं मातीवर नुसता उभा राहतो. पाय थंड करायची ती त्याची रीत. बोलणं कमी. सरळ बॉल त्याच्यापेक्षा जोरात टाकणारे आहेत, पण तो खाली बसणारा बॉल जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नाही. तो कुणी शिकवला, असं विचारलं तर म्हणतो, हातालाच सुचला. विभागाच्या संघात जिल्ह्यातून एकच पिचर घेतात, आणि यंदा वयाच्या अटीत त्याचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या सीझनला त्याला घेताच येणार नव्हतं. निवड शेवटच्या मॅचनंतर, आणि नाव सुचवायचं आमच्या सरांनी.

सरांचा भाचाही पिचर आहे. सरांच्या घरीच राहतो, सकाळ-संध्याकाळ सर त्याला टाकायला लावतात. मी अन्याय करत नाही, पोरगा वाईट नाही. सरळ बॉल स्वच्छ, अंग कसलेलं, शिस्त चांगली. फक्त त्याच्याकडे फसवणारा बॉल नाही. दोन वेळा मारणारे त्याला तपासतात, तिसऱ्या वेळी फोडतात. त्याला अजून दोन-तीन वर्षं आहेत. हे मी सरांना सीझनच्या मध्यात तोंडावर सांगितलं होतं. सर हसून म्हणाले होते, शेठ, आम्हाला सगळी पोरं सारखीच. मला तेव्हाच ते हसणं आवडलं नाही. बागेचा मालक जेव्हा म्हणतो सगळी झाडं सारखीच, तेव्हा मी मागच्या ओळी आधी बघायला जातो.

भोकरदनच्या मॅचला आम्ही सकाळीच निघालो. सर त्यांच्या मोटारसायकलवर पुढं गेले होते, मागे भाचा. आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा सर भोकरदन संघाच्या मॅनेजरांशी बाजूला उभे राहून बोलत होते. हे मॅनेजर म्हणजे पंचावन्न-साठीचे गृहस्थ, घरचा बैलांचा व्यापार, शिवाय मोसंबीची बाग. माझा त्यांच्याशी व्यवहार जुना आहे, आणि भांडणही जुनं आहे. मला बघून त्यांनी हात केला आणि दोघांचं बोलणं संपलं. सर आमच्या पोरांकडे आले, पण खेळाविषयी काही बोलले नाहीत. पाणी प्या, डोक्यावर टोपी ठेवा, एवढंच.

पहिल्या इनिंगला आमच्या पिचरनं तिघांना लागोपाठ गार केलं. भोकरदनचा तिसरा गडी तर दांडका फिरवून गुडघ्यावर बसला. मी कॅरेटवरून उठून टाळी वाजवली. दुसऱ्या इनिंगला त्यांच्या एकाचा बॉल नशिबानं मधून निघाला आणि तो दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. दुसरा बेस म्हणजे पिचरच्या बरोबर पाठीमागे. तिथून कॅचरचा लपवलेला हात समोरासमोर दिसतो.

त्यानंतर पुढच्या गड्यानं आमच्या पिचरचा खाली बसणारा बॉल असा मारला, जसा ताटात वाढून ठेवला होता. दांडका आधीच खाली आणलेला. मी मनाशी म्हटलं, लागला असेल. पुढच्यानं सरळ बॉलची अशी वाट पाहिली की बाकी काही येणारच नाही याची त्याला खात्री असावी. तोही लागला. दोन रन गेले. मग दुसरा बेस रिकामा झाला, आणि पुढचे दोघं पुन्हा आंधळे झाले.

मी जागा बदलून तिसऱ्या बेसच्या बाजूला गेलो. तिसऱ्या इनिंगला पुन्हा तसंच. दुसरा बेस रिकामा असेपर्यंत आमचा पिचर राजा. तिथं त्यांचा गडी पोचला की तो फकीर. मग मी बॉल बघायचं सोडलं आणि त्या बेसवरच्या गड्याकडे बघत बसलो. पिचर टाकायच्या आधी तो कधी डावा गुडघा धरायचा, कधी उजवा. डावा धरला की खाली बसणारा येत होता. उजवा धरला की सरळ. एकदाही चुकलं नाही. आमच्या कॅचरची खूण वाचून तो समोरच्या मारणाऱ्याला कळवत होता.

त्यांच्या संघातले निम्मे पोरगे गुरांच्या बाजारात बापाच्या खांद्याशी उभे राहून वाढलेले. संभाजीनगरच्या पोरांना जे आयुष्यभर कळलं नसतं, ते या पोरांना दुधाच्या दातांपासून येत होतं. आम्ही रुमालाखालची बोली रुमाल काढून बोलत होतो, आणि तीही बाजाराच्या दारात उभं राहून.

यात भोकरदनच्या पोरांना मी दोष देत नाही. दिसतं ते बघायला या खेळात मनाई नाही. बेसवरचा गडी खुणा वाचतो, हे सगळीकडे चालतं. समोरच्यानं खुणा बदलायच्या असतात, आणि त्याला दोन मिनिटं लागतात.

मी सरांकडे गेलो. ते बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसले होते. मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं, गुडघ्याचंही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शेठ, तुम्ही बाहेर बसा. आतलं आम्ही बघतो."

"खुणा बदला, सर. पोरगं उघड्यावर मरून राह्यलंय."

"त्याचा हात आज चालत न्हाई. खुणेचं काही न्हाई त्याच्यात."

मी आवाज चढवला, हे खरं आहे. पंच आले, त्यांनी मला दोरीच्या बाहेर काढलं. भोकरदनचे प्रेक्षक हसले. कुणीतरी म्हणालं, मोसंबीवाले गरम झाले, पाणी मारा. मी दोरीला धरून उभा राहिलो. तिथून कॅचरला हाक मारली, पण त्याच्या डोक्यावर लोखंडी जाळी, कानावर पट्टे, आणि भोवती कालवा. त्यानं वळून बघितलं आणि हात वर केला. त्याला वाटलं, मी शाबासकी देतोय.

चौथी इनिंग मी कशी पाहिली ते माझं मला माहीत. पिचर बॉल टाकायच्या आधी हाताकडे बघायला लागला. स्वतःच्या बोटांकडे. बोटं वळवायचा, झटकायचा, पँटला पुसायचा. खाली बसणारा बॉल टाकायची खूण आली की मान नाही म्हणून हलवायचा. स्वतःच्याच हत्यारावरचा विश्वास उडाला होता त्याचा. सरळ टाकायला लागला, आणि सरळ बॉल तर ते आणखीच मारत होते. शॉर्टस्टॉप त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला. पिचरनं नुसती मान हलवली.

पाचव्या इनिंगला सरांनी त्याला बाहेर घेतलं आणि भाच्याला आत पाठवलं. पिचर माझ्या समोरून गेला. मी म्हटलं, बाळा, तुझं काही चुकलेलं नाही. तो थांबला नाही.

आणि आता जे झालं ते नीट वाचा. भाच्यानं पहिला बॉल टाकायच्या आधी सरांनी कॅचरला बाकापाशी बोलावलं. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. कॅचर परत जाऊन बसला आणि त्यानंतर त्याचा हात मांड्यांमध्ये गेलाच नाही. प्रत्येक बॉलच्या आधी तो मान वळवून सरांकडे बघायचा, आणि भाचाही तिकडंच बघायचा. सर टोपीला हात लावायचे, कानाला लावायचे, कधी बाटलीचं झाकण फिरवायचे. भोकरदनचा गडी दुसऱ्या बेसवर पोचला तेव्हा तो बघतच राहिला. गुडघे धरायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. त्यांचे रन थांबले. शेवटच्या इनिंगला आमच्या फर्स्ट बेसवाल्याची ती एक फांदी फळली, बॉल कुंपणाबाहेर गेला, आणि आम्ही एका रननं जिंकलो. सगळे भाच्याला खांद्यावर घेऊन नाचले. पिचरनंही नाचणाऱ्यांना जागा करून दिली.

परतताना कॅचर माझ्या शेजारी पुढं बसला. मग मीच विचारलं, सरांनी काय सांगितलं तुला? तो म्हणाला, आता खुणा मी देतो, असं म्हणले. टोपी म्हणजे हे, कान म्हणजे ते. का बदलतो ते नाही सांगितलं.

मी म्हटलं, "भाच्याला कधी सांगितलं मंग? तो तर मैदानाच्या मधे उभा होता."

कॅचर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्याला आधीच माहीत होत्या, काका. मलाच नव्या होत्या."

मी गाडी बाजूला घेतली. मागून पोरं ओरडली, काय झालं? काही नाही म्हटलं, इंजिन तापलंय.

निवड झाली. भाचा विभागाच्या संघात गेला. मी जिथं तिथं बोलत राहिलो, आणि लोक मला समजावत राहिले. कोणी म्हणे, योगायोग असेल. कोणी म्हणे, सरांना पाचव्या इनिंगला कळलं असेल. यावर मी एकच विचारायचो, भाच्याला आधी कसं कळलं? लोक म्हणायचे, आता जाऊ द्या.

मग बागांचे दिवस आले, आणि मी भोकरदनच्या मॅनेजरांची बाग बघायला गेलो. आमचं भांडत भांडतच चालू होतं. ते म्हणाले फळ मोठं आहे, मी म्हणालो साल जाड आहे. ते म्हणाले दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, मी म्हणालो त्याला बसायला खुर्ची द्या. शेवटी झाडाखाली बसलो, त्यांनी चहा मागवला, आणि मी म्हटलं, एक विचारू का, तुमच्या पोरांनी आमच्या खुणा वाचल्या की नाही?

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"म्हणजे तुम्हाला सांगितलं न्हाई का सरांनी?" ते म्हणाले. "भाऊ, मी मॅचच्या आधीच त्यायला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तुमचा कॅचर आमच्या बाजारातल्या खुणा करून राह्यला, आमच्या पोरांनी तुमची मागची मॅच पाहिली, त्यायला बिलकुल सगळं कळतं. तुम्ही बदलून टाका. दुसऱ्याच्या रुमालाखाली बघणं आमच्यात हराम समजतात. पण पोरं पोरं असतात. समोर दिसलं तर बघतीलच."

"सर काय म्हणाले?"

"बराबर हाय म्हणले. बदलतो म्हणले. मंग पाचव्या इनिंगपर्यंत काहून बदलल्या न्हाईत, हे मला आजपर्यंत समजलं न्हाई. मला वाटलं, त्यायचा काही डाव असंल."

डाव होताच. मी उठलो. बाग त्या दिवशी घेतली नाही, आणि ते मला थांबवायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर गेलो. सर पोरांकडून पळायचे फेरे मारून घेत होते. मी त्यांना एका बाजूला बोलावलं आणि मॅनेजरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. हे मला त्यांचं कबूल करावं लागेल. ते म्हणाले, विरोधी संघाचा माणूस मॅचच्या तोंडावर येऊन असं सांगतो, तेव्हा त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? ऐनवेळी खुणा बदलल्या असत्या तर कॅचर आणि पिचरचाच गोंधळ उडाला असता, आणि त्यांना तेच पाहिजे असेल तर?

मी जन्मभर घासाघीस करत आलोय. हे उत्तर वाईट नव्हतं. मी स्वतः त्या जागी असतो तर मलाही शंका आली असती. म्हणून मी शांतपणे विचारलं. शंका होती तर पोरांना निदान सांगायचं. दोन इनिंगांत दोन्ही गुडघ्यांवरचे हात दिसले, तेव्हा शंका फिटली असेल. तिसऱ्या इनिंगला मी स्वतः येऊन सांगितलं, तेव्हा तर फिटायला पाहिजे होती. आणि भरवसा नव्हता, तर भाच्याला नव्या खुणा कधी शिकवल्या? कशासाठी शिकवल्या?

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"संघ जिंकला का न्हाई, शेठ? मग तुमचं दुखणं काय आहे? तुम्ही मोसंबी बघा."

पोरं पळता पळता आमच्याकडे बघत होती. मी हात उचलला असता. नाही उचलला. पोरांसमोर सरांवर हात टाकला असता तर सगळी गोष्ट माझ्या हाताची झाली असती, आणि पिचरची राहिली नसती.

पिचर आता मैदानावर येत नाही. मी कारखान्याच्या फाटकावर त्याला गाठलं, ड्युटी सुटायच्या वेळी. त्याचे डोळे भट्टीनं लाल झालेले. मी त्याला सगळं सांगितलं, बाजारातल्या खुणा, गुडघे, टोपी, मॅनेजरांचा निरोप. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग उजवा हात पुढं केला, बोटं पसरली, आणि म्हणाला की त्या दिवशी बॉल बोटातून बराबर सुटत नव्हता, त्याला स्वतःला जाणवत होतं. मी म्हटलं, तुला जाणवलं कारण ते मारत होते. ते मारत होते कारण त्यांना दिसत होतं.

"काका, तुम्ही माझ्या बाजूचे आहात. तुम्ही असंच म्हणणार." तो थोडा हसला. "सर म्हणले तर मानीन. मॅच त्यायनं पाहिली, हात त्यायनं घडवला. ते म्हणले हात चालला न्हाई. मंग न्हाई चालला."

त्याची विभागाची जागा गेली, ती आता कोणी देऊ शकत नाही. वय गेलं ते गेलं. पण त्याचा हात अजून त्याच्या खांद्याला आहे, आणि तो त्या हाताला खोटं समजून बसलाय. जिल्ह्यात कोणाकडे नसलेला बॉल ज्या बोटांनी टाकला, ती बोटं तो आता फाटकावर उभं राहून मला दाखवतो, जशी कोणी मोडकी वस्तू दाखवतं. मी लाख सांगितलं तरी उपयोग नाही. माझा शब्द त्याला चालत नाही, सर, तुमचा चालतो.

म्हणून सर, हे तुमच्यासाठी लिहिलंय. हार ठेवा, मॅच ठेवा, भाच्याची जागाही ठेवा, त्या पोराचा त्यात दोष नाही. पण कारखान्याच्या फाटकावर तुम्ही जा. किंवा त्याला मैदानावर बोलवा आणि सगळ्या पोरांसमोर उभे राहा. भोकरदनच्या माणसानं तुम्हाला काय सांगितलं होतं, ते सांगा. तुम्ही ते कोणापासून लपवलं आणि कोणाला शिकवलं, ते सांगा. त्याच्या तोंडाकडे बघून सांगा की त्या दिवशी हात चुकला नव्हता. मी विचारलं तेव्हा तुम्ही मला मोसंबी बघायला सांगितलंत. आता मी विचारत नाही, तो विचारतोय, न बोलता. त्याला उत्तर द्या.